‘डीबी स्लो आहे’ : एका सबबीचं खंडन

सॉफ्टवेअरच्या धंद्यात काही वाक्यं अशी आहेत की ती उच्चारली की चौकशीच संपते. ‘डीबी स्लो आहे’ हे त्यांतलं पहिलं. पान उघडायला आठ सेकंद लागतात, ग्राहक ओरडतो, मॅनेजर विचारतो आणि प्रोग्रामर हे तीन शब्द लिहून डीबीएच्या नावाने तिकीट टाकून मोकळा होतो. डीबीए त्याच्या पडद्याकडे बघतो : सीपीयू वीस टक्क्यांवर, स्लो क्वेरी लॉग कोरा. ‘आमच्या बाजूने सगळं ठीक’ असं लिहून तो तिकीट बंद करतो. दोघांपैकी कोणीही खोटं बोललेलं नसतं. पान मात्र आठ सेकंदांनीच उघडत राहतं.

माझं म्हणणं असं : ॲप्लिकेशनमधून जी क्वेरी प्रत्यक्ष बाहेर पडते ती कोड लिहिणाऱ्याची असते, आणि निदान तिच्यापासूनच सुरू व्हायला हवं. आपण काय लिहिलं असं आपल्याला वाटतं, त्याला पुराव्याची किंमत नाही. या म्हणण्याला विरोध करणारे पक्ष बरेच आहेत आणि त्यांतले काही चांगले शिकलेल्या लोकांचे आहेत, म्हणून त्यांना उडवून लावून भागणार नाही.

सगळ्यांत भक्कम पूर्वपक्ष तात्त्विक आहे. तो म्हणतो, डेटा कसा शोधायचा हे प्रोग्रामरला ठाऊक असण्याचं कारणच काय? एडगर कॉड यांनी 1970 साली रिलेशनल मॉडेल मांडलं ते याचसाठी, की माणसाने ‘काय हवं’ एवढंच सांगावं आणि ‘कसं आणायचं’ ते यंत्रावर सोडावं. पुढे आयबीएमच्या सिस्टम आर प्रकल्पात पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी 1979 साली खर्चाचा अंदाज बांधून वाट निवडणारा ऑप्टिमायझर मांडला. आजचे बहुतेक मोठे डेटाबेस त्याच वळणाने चालतात. मग इतकी हुशारी आत असताना बाहेरच्याने डोकं का खपवायचं?

युक्तिवाद देखणा आहे, पण त्याची हद्द कुठे संपते ते सांगायचं तो विसरतो. ऑप्टिमायझरची सारी हुशारी एका क्वेरीपुरती असते. ही क्वेरी एका लूपच्या पोटातून आली आहे आणि मागून तशाच आणखी दोन हजार येणार आहेत, हे त्याला कळायला कुठलाच मार्ग नाही. ते फक्त कोडला ठाऊक असतं.

आता त्या आठ सेकंदांकडे वळू. पानावर 500 ऑर्डरी दाखवायच्या आहेत. एका क्वेरीत ऑर्डरी आल्या. मग लूपमध्ये प्रत्येक ऑर्डरीसाठी ग्राहक, पत्ता, पेमेंट आणि वस्तू अशा चार वेगळ्या क्वेऱ्या गेल्या. एकूण 2001. प्रत्येक क्वेरी जाऊन-येऊन चार मिलिसेकंद घेते म्हटलं तर आठ सेकंद पुरे होतात. तलाठ्याला गट नंबरांची यादी एकदम द्यायची सोडून एकेका सातबाऱ्यासाठी पुन्हा रांगेच्या शेपटाला उभं राहावं, तसा हा प्रकार. तलाठी झपाझप उतारे देतो आहे. वेळ जातो तो रांगेत. डीबीएचा सीपीयू निवांत असतो तो यामुळेच. मायएसक्यूएलमध्ये स्लो क्वेरी लॉग मुळात बंद असतो आणि चालू केला तरी त्याची मर्यादा मूळ सेटिंगमध्ये दहा सेकंदांची असते. ती एका सेकंदावर आणली तरी चार मिलिसेकंदांची क्वेरी त्या जाळ्यात सापडणार कशी? स्लो क्वेरी लॉगमध्ये नाही म्हणजे दोष नाही, हा डीबीएचा निष्कर्ष म्हणूनच प्रोग्रामरच्या निष्कर्षाइतकाच कच्चा आहे. पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स’ असेल तर सरासरी वेळेचा रकाना बाजूला ठेवून ‘किती वेळा’ आणि ‘एकूण वेळ’ हे रकाने उतरत्या क्रमाने लावावेत. चोर बहुधा पहिल्या पाच ओळींत सापडतो.

हे सगळं प्रोग्रामरच्या लॅपटॉपवर दिसत नाही, कारण तिथे डेटाबेस त्याच यंत्रावर असतो आणि टेबलात ऑर्डरी असतात बारा. डेमोला टाळ्या पडतात. हाच कोड मुंबईच्या सर्व्हरवर आणि डेटाबेस अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, अशी मांडणी झाली तर एकेका फेरीलाच दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. गुणाकार वाचकांनीच करावा.

इथे दुसरा पक्ष उठतो : ‘बघा, आम्ही म्हणतच होतो, ओआरएम फेकून द्या.’ या पक्षालाही वंशावळ आहे. टेड न्यूअर्ड यांनी 2006 साली ओआरएमला संगणकशास्त्राचं व्हिएतनाम म्हटलं : शिरणं सोपं, निघणं कठीण. त्यात तथ्य आहे. एका ठिपक्याने ‘ऑर्डर.ग्राहक.नाव’ लिहिलं की तो ठिपका तारेवरून फेरी मारून येतो, हे वाचणाऱ्याला दिसत नाही, आणि हा ओआरएमचा खरा दोष आहे. पण लूपमधली क्वेरी काही ओआरएमने जन्माला घातलेली नाही. ज्यांनी जुनं पीएचपी पाहिलं आहे त्यांना ‘व्हाइल’च्या पोटात हाताने लिहिलेली, वर स्ट्रिंग जोडून तयार केलेली क्वेरी आठवत असेल. तीच फेऱ्यांची रांग, आणि सोबत एसक्यूएल इंजेक्शन फुकट. उलट ओआरएमने यावर उपाय तरी दिले : जँगोत ‘सिलेक्ट_रिलेटेड’ आणि ‘प्रीफेच_रिलेटेड’, हायबरनेटमध्ये ‘जॉइन फेच’. ते न वापरता अवजाराला शिव्या देण्याची आपल्याकडे फॅशन आहे.

अर्थात उपायही डोळे मिटून लावला की उलटतो. ऑर्डरीसोबत वस्तू आणि पेमेंट या दोन्ही याद्या एकाच जॉइनने ओढल्या, तर दहा वस्तू आणि तीन हप्ते असलेली एक ऑर्डर तीस ओळी होऊन येते. तशा 500 असल्या तर 15,000 ओळी. क्वेरी एकच, म्हणून मोजणारा खूश; मेमरी मात्र रडते. प्रत्येक यादी वेगळ्या क्वेरीने आणावी, एकूण तीन-चार क्वेऱ्या होऊ द्याव्यात. एकच क्वेरी हवी हा हट्ट दोन हजारांच्या हलगर्जीपणाइतकाच आंधळा.

तिसरा पक्ष कमी बोलतो आणि लवकर हात चालवतो : ‘इंडेक्स टाका.’ बऱ्याचदा तो बरोबरही ठरतो, म्हणूनच धोक्याचा. मायएसक्यूएलमधलं एक उदाहरण घ्या. मोबाइल नंबराचा कॉलम व्हारचार आहे, त्यावर इंडेक्स आहे, तरी शोध मंद. कारण कोडने नंबर अवतरणाशिवाय, निव्वळ संख्या म्हणून पाठवला. आता ‘98…’, ‘098…’, आधी मोकळी जागा असलेला ‘98…’ या सगळ्या स्ट्रिंगांची संख्या एकच होत असल्यामुळे मायएसक्यूएलला तो इंडेक्स वापरताच येत नाही. त्याला प्रत्येक ओळ संख्येत बदलून बघावी लागते. इथे आणखी दोन इंडेक्स टाकलेत तरी फरक शून्य, वर प्रत्येक इन्सर्टवर कायमचा भुर्दंड. पोस्टग्रेस अशा वेळी सरळ एरर देऊन अडवतं, आणि मला तो कडकपणा आवडतो. तारखेच्या कॉलमवर ‘डेट()’ फंक्शन चढवून तुलना करणं हेही त्याच जातीचं : मूळ कॉलमवरचा इंडेक्स तिथे कामाचा राहत नाही. ‘या मध्यरात्रीपासून पुढच्या मध्यरात्रीच्या आधीपर्यंत’ अशी हद्द लिहिली की तोच इंडेक्स जागा होतो.

आणि कधी इंडेक्स जागच्या जागी असूनही प्लॅन चुकतो, कारण अंदाज चुकलेला असतो. जिल्हा सातारा आणि तालुका कराड अशी अट घाला. पोस्टग्रेस दोन्ही कॉलम एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं धरून शक्यतांचा गुणाकार करतं. कराड म्हटलं की सातारा आलाच, हे शाळकरी पोराला कळतं, प्लॅनरला नाही. महाराष्ट्राच्या 36 जिल्ह्यांत ओळी सारख्या विखुरलेल्या असतील, तर अंदाज छत्तीस पटींनी कमी येतो, आणि थोड्याच ओळी येणार या भरवशावर तो पुढच्या जॉइनसाठी भलतीच वाट धरतो. पोस्टग्रेस 10 पासून ‘क्रिएट स्टॅटिस्टिक्स’ने दोन कॉलमांचं हे नातं त्याला सांगता येतं. पण आधी दुखणं दिसायला हवं. ते दिसतं ‘एक्स्प्लेन ॲनालाइझ’मध्ये, अंदाजे ओळी आणि प्रत्यक्ष ओळी शेजारी-शेजारी ठेवल्यावर. (ही आज्ञा क्वेरी खरोखर चालवते. डिलीटवर वापरायची तर ट्रान्झॅक्शन उघडून, नंतर रोलबॅक करून. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.)

‘मशीन मोठं घ्या’ आणि ‘कॅश लावा’ या पक्षांवर मी फार शाई घालवणार नाही. नेहमी लागणारा डेटा मेमरीत मावत नसेल तर मोठं मशीन हा प्रामाणिक उपाय आहे. दोन हजार फेऱ्यांवर तो उपाय नाही. कॅशने पहिल्या दुखण्यावर पडदा पडतो आणि शिळ्या माहितीचं दुसरं दुखणं घरात येतं.

जास्त वेळ द्यावा असा पक्ष वेगळाच आहे, कारण तो पुरावा घेऊन येतो : ‘मी तीच क्वेरी टूलमध्ये चालवली, झटक्यात आली. म्हणजे क्वेरी ठीक आहे.’ एसक्यूएल सर्व्हरच्या दुनियेत एर्लांड सोमार्स्कोग यांचा याच कोड्यावरचा दीर्घ लेख प्रसिद्ध आहे. मूळ मुद्दा असा की ती ‘तीच’ क्वेरी नसतेच. मॅनेजमेंट स्टुडिओ ‘ॲरिथॲबॉर्ट’ हे सेटिंग चालू ठेवून जोडला जातो, ॲप्लिकेशन सहसा ते बंद ठेवून. त्यामुळे कॅशमध्ये दोघांचे प्लॅन वेगळे साठतात. ॲप्लिकेशनचा प्लॅन सकाळी आलेल्या एखाद्या आडनिड्या पॅरामीटरला बघून बनलेला असतो आणि दिवसभर सगळ्यांना तोच पुरवला जातो. जावाचा मामला याहून गमतीचा. मायक्रोसॉफ्टचा जेडीबीसी ड्रायव्हर स्ट्रिंग मुळातच युनिकोड म्हणून पाठवतो. कॉलम साधा व्हारचार असेल आणि कोलेशन जुनं असेल, तर सर्व्हर कॉलमचंच रूपांतर करत अख्खा इंडेक्स पिंजून काढतो. टूलमध्ये हाताने लिहिलेल्या अवतरणांत हे घडत नाही. पोस्टग्रेसमध्येही प्रिपेअर्ड स्टेटमेंटला पहिल्या पाच वेळा त्या-त्या किमतींना साजेसा प्लॅन मिळतो आणि त्यानंतर सर्वांना सरसकट लागू होणारा प्लॅन निवडला जाऊ शकतो. टूलमध्ये एकदा चालवून बघणाऱ्याला ही सहावी वेळ कधी दिसणार?

कधी वेगाची तक्रारच नसते; ओळच सापडत नाही. मराठी डेटावर काम करणाऱ्यांना हे ओळखीचं असेल. ‘कऱ्हाड’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवता येतो : ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर जोडून. पडद्यावर दोन्ही सारखेच. पोस्टग्रेसची नेहमीची तुलना मात्र बाइटला बाइट ताडून होते, म्हणून एका कीबोर्डवर भरलेलं गाव दुसऱ्या कीबोर्डवरून शोधलं की शून्य ओळी. युनिकोडचं प्रमाणित नॉर्मलायझेशनही या दोन रूपांना एक करत नाही. भरतानाच एक रूप ठरवून घेणं हे कोडचं काम. अशा वेळी ‘डेटाबेसमध्ये डेटाच नाही’ असं तिकीट आलं तर डीबीएने करावं काय?

आणि पूल. ‘कनेक्शन उपलब्ध नाही, तीस सेकंद वाट पाहिली’ अशी हिकारीसीपीची एरर आली की दहाचा पूल दोनशेचा करायचा, ही रीतच पडली आहे. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा शंभर कनेक्शनांची. मग ती वाढवा. दरम्यान कोडमध्ये कोणीतरी ट्रान्झॅक्शन उघडून त्याच्या पोटात पेमेंट गेटवेला कॉल केलेला असतो, आणि गेटवे उत्तर देईपर्यंत कनेक्शन हातात धरून सगळे बसलेले असतात. ‘पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी’त ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’च्या ओळी दिसल्या की समजावं, गर्दी बाहेरच्या कॉलने केली आहे.

खंडन इतकं झाल्यावर मंडनाची बाजू अवघड उरत नाही. प्रत्येक विनंतीमागे किती क्वेऱ्या गेल्या हा आकडा विकासाच्या यंत्रावर डोळ्यांसमोर असावा. जँगोत ‘असर्टनमक्वेरीज’ आहे. महत्त्वाच्या पानाची टेस्ट त्यावर बांधावी, म्हणजे कोणी टेम्प्लेटमध्ये एक निरागस ठिपका वाढवला तर बिल्ड तिथेच लाल होईल. रेल्सने 6.1 पासून ‘स्ट्रिक्ट लोडिंग’ दिलं आहे. नंतर गुपचूप आणायला गेलात तर एरर. क्वेरीला कोडमधल्या जागेचं नाव टिपण म्हणून चिकटवावं, म्हणजे डीबीएला दिसलेली ओळ कुठल्या फाइलमधून आली हे विचारत फिरावं लागत नाही. आणि चाचणीचा डेटा बारा ओळींचा नसावा. ‘एवढा वेळ कुठे आहे?’ या आक्षेपाला उत्तर म्हणून तिकिटांची ये-जा किती दिवस चालते ते मोजून बघावं.

पण एक आक्षेप रास्त आहे आणि तो प्रोग्रामरच्या बाजूने आहे. जबाबदारी त्याची म्हणायची आणि प्रॉडक्शनचा प्लॅन त्याला बघूच द्यायचा नाही, हा अनेक कंपन्यांतला व्यवहार आहे. कारण दिलं जातं ते ग्राहकांच्या खासगी माहितीचं. पोस्टग्रेसने 2017 साली 10व्या आवृत्तीत ‘पीजी_मॉनिटर’ ही भूमिका दिली; तिच्याने आकडेवारी वाचता येते, टेबलातला डेटा नाही. ‘पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स’ तर क्वेरीतल्या किमती काढून तिथे खुणा ठेवतं. चालू क्वेरीच्या मजकुरात किमती दिसू शकतात हे खरं, पण कोडने पॅरामीटर बांधून पाठवले असतील तर तिथेही त्या नसतात. ग्राहकाचा मोबाइल नंबर त्या मजकुरात उघडा दिसत असेल, तर कोणीतरी तो स्ट्रिंगमध्ये जोडून पाठवतो आहे. प्रोग्रामरला परवानगी द्यायची की नाही हा वाद मग थोडा लांबवून आधी ती ओळ बदलावी लागेल.