नावाविना निवाडा नको

कुंपणाच्या कडेला कोणी न लावता उगवलेले रोप पाहता पाहता छपराशी पोहोचले, की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, लिंब आहे, राहू द्या. दुसरा म्हणतो, रानटी आहे, तोडून टाका. झाडाकडे नीट पाहिलेले असते ते मात्र दोघांपैकी कोणीच नव्हे.

लिंबाचेच उदाहरण घ्यावे. कडुनिंब, बकाणनिंब आणि महारुख ही तिन्ही झाडे बियांतून आपोआप रुजतात आणि कोवळ्या वयात एकाच नावावर खपून जातात. वस्तुतः त्यांतील भेद उघड्या डोळ्यांना दिसण्याजोगा आहे. कडुनिंबाच्या पानात मधल्या देठाच्या दोन्ही बाजूंना दातेरी पर्णिकांची एकेक ओळ असते आणि त्याची फुले पांढरी असतात. बकाणाच्या पानाचा देठ पुन्हा विभागलेला असतो आणि फुले जांभळट असतात. महारुखाचे पान हातभर लांब, तर फळ चपटे, वाऱ्यावर उडणारे. हा भेद केवळ पंडिती नव्हे. बकाणाची फळे लिंबोळीसारखी दिसतात, पण माणसाला ती विषारी आहेत. मोगली एरंडाच्या बिया खाऊन मुलांना विषबाधा झाल्याच्या बातम्या तर महाराष्ट्राला नव्या नाहीत. अनोळखी झाडाची चव घेऊन परीक्षा करू नये ती याचसाठी.

ओळखीची रीत कठीण नाही. प्रथम पान कोणते आणि पर्णिका कोणती हे ठरवावे. पानाच्या बगलेत कळी असते, पर्णिकेच्या बगलेत नसते. पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, डहाळी मोडल्यावर चीक येतो काय, हे टिपून फुलाफळांची वाट पाहावी. वनस्पतींच्या वर्गीकरणाचा मुख्य आधार फूल हाच आहे. छायाचित्रावरून नाव सांगणारी साधने आता मोबाइलवर आली आहेत. त्यांचे उत्तर अंदाज मानावा, पुरावा नव्हे.

प्रत्येक झाड राखावेच, असा याचा अर्थ नव्हे. भिंतीत रुजलेला पिंपळ भिंत फोडतो. मध्य अमेरिकेतून आलेला सुबाभूळ आवार व्यापून टाकतो. पण तोडण्याचा निर्णयही ओळखीनंतरच न्याय्य ठरतो. राज्याच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार नागरी क्षेत्रात स्वतःच्या आवारातील झाडही परवानगीविना तोडता येत नाही, आणि दर पाच वर्षांनी वृक्षगणना करणे बंधनकारक आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा म्हणून संरक्षण दिले. मग गणनेसाठी दारी येणाऱ्या माणसाने झाडाला क्रमांक देताना घरमालकाच्या हाती त्याचे नावही लिहून का देऊ नये? महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांनी महिन्यातून एक दिवस नागरिकांनी आणलेल्या डहाळ्या पाहून द्याव्यात. यास फारसा खर्च नाही.

आरोपीचे नाव विचारल्यावाचून कोणतेही न्यायालय शिक्षा सुनावीत नाही. अंगणातील झाडाला तेवढाही हक्क नसावा काय?