पाणी निळेच असते, हे कोणी ठरविले?

मुलांच्या एका चित्रस्पर्धेत चिंचणीच्या खाडीचे एक चित्र बाद ठरले. त्यातील पाणी निळे नव्हते. पिवळट राखाडी होते, आणि होडीचे प्रतिबिंब तुटक फटकाऱ्यांनी रंगविलेले होते. ‘काम अपुरे’ असा शेरा मिळाला. पहिले बक्षीस गेले ते कॅलेंडरवरून हुबेहूब उतरविलेल्या निळ्याशार सरोवराला! या निकालाशी आमचे भांडण आहे.

ज्यांना ते पाणी खोटे वाटले त्यांनी ओहोटी लागताना चिंचणी आणि तारापूर यांच्यामधल्या खाडीच्या काठी अर्धा तास उभे राहावे. गाळाचा, आभाळाचा आणि कलत्या उन्हाचा रंग एकाच तरंगावर आळीपाळीने चमकून जातो. पांढऱ्या होडीचे प्रतिबिंब होडीहून मंद दिसते, काळ्या होडीचे तिच्याहून उजळ. वारा सुटला की ते उभे लांबते आणि मध्ये मध्ये तुटते. अशा वेळी ते सलग, रेखीव रंगविणे हीच चूक होय.

‘ही पाश्चात्त्यांची नक्कल आहे,’ असाही आक्षेप आमच्या कानी आला. क्लोद मोनेने १८७२ मधील ल हाव्र बंदराचा सूर्योदय रंगविला. १८७४ च्या प्रदर्शनात एका समीक्षकाने तोही अपुरा म्हणूनच हिणविला, आणि त्या टवाळीतूनच दृक्प्रत्ययवादाला ‘इंप्रेशनिझम’ हे नाव चिकटले. त्या चित्रातील केशरी सूर्य भोवतीच्या आभाळाइतकाच उजळ आहे. कृष्णधवल छायाचित्रात तो जवळजवळ पुसला जातो. तळपतो तो केवळ रंगांच्या विरोधामुळे. याला अपुरे काम म्हणावयाचे काय?

बरे, फ्रान्स राहू द्या. कोल्हापूरचे आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले, शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले, आणि कोटितीर्थाचे व रंकाळ्याचे पाणी बदलत्या प्रकाशात पुनःपुन्हा रंगवीत राहिले. १९३१ साली ते वारले. त्यांच्या पाण्याला नक्कल म्हणण्याचे धाडस कोणी करील, असे वाटत नाही.

दोष एकट्या परीक्षकांचा नाही. भिंतीवर सुबक दिसते म्हणून छापील चित्र मुलांच्या पुढ्यात ठेवणारे आम्ही पालकच आहोत. चिखलाने भरलेले पाय घरात आले की रागावणारेही आम्हीच. म्हणून आमची मागणी एवढीच : पुढील स्पर्धा सभागृहात न घेता खाडीच्या काठी, दुपारी चार ते सहा या वेळेत घ्यावी, आणि परीक्षकांनीही मुलांसोबत तेथेच बसावे.