चार पाठांचे एक कुपन

१९६९ साली युरोपीय समुदायात लोण्याचे साठे पडून होते. सामाजिक साहाय्यावर जगणाऱ्यांना ते स्वस्तात द्यावे, असा निर्णय आयोगाने घेतला. त्याच्या जर्मन पाठात कुपनावर लाभार्थीचे नाव असावे, अशी अट होती. उल्म शहरातल्या एका लाभार्थीला ती झोंबली. आपण मदतीवर जगतो, हे दुकानदाराला का कळावे? स्टुटगार्टच्या न्यायालयाने लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाला विचारणा केली.

तिथे चारही भाषांतले पाठ शेजारी ठेवले गेले. जर्मन आणि डच पाठांत नाव होते. फ्रेंच आणि इटालियन पाठांत कुपन त्या व्यक्तीपुरते असावे, एवढेच. कोणताही एक पाठ सुटा वाचता येत नाही, असे सांगून न्यायालयाने हेतू साधणारा आणि लाभार्थीला कमीत कमी जाचक असा अर्थ स्वीकारला. नावाची सक्ती उरली नाही. पाठांची बहुमताने मोजदाद झाली नाही, हे आम्हाला फार मोलाचे वाटते.

लक्झेंबर्गचे हे न्यायालय म्हणजे अपिलाची वरची पायरी, असा समज आपल्या वकीलवर्गातही आढळतो. तो चुकीचा आहे. आज युरोपीय संघाच्या कामकाजविषयक कराराच्या अनुच्छेद २६७ खाली सदस्य देशातले न्यायालय प्रश्न पाठवते, खटला तोवर थांबतो, अर्थ कळतो आणि निकाल मूळ न्यायाधीशच देतो. अंतिम न्यायालयाने प्रश्न पाठवणे मात्र बंधनकारक. अर्थ निःसंशय असेल तर सूट आहे, पण १९८२ च्या ‘सिल्फिट’ निकालाने त्यासाठी भाषापाठांची तुलना सांगितली. आता भाषा २४ आहेत. २०२१ मध्ये न्यायालयाने खुलासा केला, की प्रत्येक पाठ तपासणे गरजेचे नाही. पण ज्ञात असलेल्या, विशेषतः पक्षकारांनी दाखवून दिलेल्या तफावती विचारात घ्याव्याच लागतील. म्हणजे हे काम वकिलाच्या मेजावर येते.

आपल्याकडची मांडणी निराळी. विधेयक मराठीत मंजूर झाले, तरी संविधानाच्या अनुच्छेद ३४८(३) नुसार राज्यपालांच्या प्राधिकाराने प्रसिद्ध झालेला इंग्रजी अनुवाद प्राधिकृत मानला जातो. त्यामुळे मराठी पाठ उघडण्याची सवयच आपण गमावली आहे, आणि याची आम्हाला खंत वाटते. मराठी आणि इंग्रजी पाठांतल्या फरकामुळे एखादा मुद्दा अडला असेल, तर दोन्ही पाठांसह तो आम्हाला कळवा. पुढील अंकापासून अशा नोंदींसाठी दोन पाने राखून ठेवली आहेत.