सर्व्हरचे स्थलांतर आणि सकाळचा कृषिसल्ला

सकाळी सहाला येणारा कृषिसल्ला अचानक साडेअकराला येऊ लागला, तर शेतकरी हवामानतज्ज्ञाला दोष देतो आणि कृषी सहायक नेटवर्कला. खरे कारण कधीकधी दोघांच्याही दृष्टीआड असते. संस्थेने सर्व्हर बदललेला असतो आणि नव्या सर्व्हरचे घड्याळ भारतीय प्रमाणवेळेऐवजी जागतिक प्रमाणवेळेवर राहून गेलेले असते. ती वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. संदेश पोहोचतो तेव्हा वारा वाढलेला असतो आणि फवारणीचा पंप धुऊन ठेवलेला असतो.

शेतकऱ्याने मोबाइलवर पीक आणि तालुका निवडला, की साठवलेल्या माहितीतून नेमका सल्ला काढून त्याचे पान सिद्ध करणारी प्रणाली वेब अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरवर चालते. वेबलॉजिक, वेबस्फिअर यांसारख्या सर्व्हरला परवाना शुल्क पडते. टॉमकॅट, वाइल्डफ्लाय यांना ते पडत नाही, आणि त्यांची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता व बदलता येते. केंद्र शासनाच्या २०१५ च्या धोरणानेही मुक्त स्रोत प्रणालींना प्राधान्य दिले आहे. सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या कृषिसेवेसाठी ही दिशा योग्यच होय. आक्षेप आहे तो स्थलांतराला काही खर्च नाही, या समजुतीला. दान मिळालेल्या गाईलाही वैरण लागतेच.

वेबलॉजिकवर वाढलेली प्रणाली उचलून टॉमकॅटवर ठेवता येत नाही. टॉमकॅट आटोपशीर आहे. ईजेबी पद्धतीने लिहिलेले भाग तो स्वतःहून चालवत नाही. ते भाग नव्याने लिहावे लागतात किंवा वाइल्डफ्लायसारखा व्यापक सर्व्हर निवडावा लागतो. टॉमकॅट ९ वर सुरळीत चाललेली प्रणालीही १० वर अडते, कारण मधल्या काळात जावाच्या अनेक घटकांच्या नावांचा आरंभ ‘जावाएक्स’ऐवजी ‘जकार्ता’ असा झाला. अभियंत्याचे आठवडे यातच जातात, पण निदान हे दोष त्याला दिसतात.

न दिसणारे दोष अधिक त्रासदायक. फाइलच्या नावातील मोठ्या-लहान इंग्रजी अक्षरांचा भेद विंडोज सहसा मनावर घेत नाही, लिनक्स घेतो. मग करप्याचे वर्णन पानावर दिसते आणि रोगट पानाचे छायाचित्र मात्र नाहीसे होते. अक्षरसंकेत जुळला नाही, तर मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते. मुख्यालयात इंग्रजी पान उघडून पाहणाऱ्यास सर्व काही ठीक वाटते!

म्हणून वाचलेल्या शुल्कातील मोठा वाटा मनुष्यबळावर आणि रंगीत तालमीवर खर्च व्हावयास हवा. जुना व नवा सर्व्हर काही आठवडे सोबत चालावेत. स्थलांतराची तारीख परवान्याच्या मुदतीवरून न ठरता पीक हंगामावरून ठरावी. खरिपाची पेरणी टाळावी, आणि कृषिहवामान पत्रिका मंगळवारी व शुक्रवारी निघतात, तेव्हा त्यांची पूर्वसंध्याही टाळावी. चाचणीच्या पथकात विस्तार कार्यकर्ते असलेच पाहिजेत, कारण मराठी पान शेताच्या बांधावरून तेच उघडतात. ‘साइट चालत नाही’ एवढ्या तक्रारीवरून अभियंत्याला फारसे काही उमगत नाही. पीक, तालुका, सल्ला आल्याची वेळ आणि पडद्याचे छायाचित्र सोबत मिळाले, तर घड्याळातील साडेपाच तासांची चूक त्याच दिवशी सापडू शकते.