संस्कृत घ्यायचे ते फक्त गुणांसाठी?

आठवी-नववीच्या उंबरठ्यावर सोलापुरातल्या घराघरांत एक प्रश्न हमखास येतो: हिंदी, संस्कृत की दोन्ही? उत्तर बहुतेक वेळा एका शब्दात मिळते. ‘स्कोअरिंग’!

पर्याय कोणते?
राज्य मंडळाच्या शाळांत मराठी आणि इंग्रजीसोबत तिसरी भाषा निवडता येते. १०० गुणांचे हिंदी, १०० गुणांचे संस्कृत किंवा ५०-५० गुणांचे संयुक्त.

गुण जास्त का मिळतात?
रूपे, सुभाषिते, पाठ्यपुस्तकातील उतारे यांची तयारी आधीच करता येते. काही उत्तरे तर माध्यमभाषेत लिहायची असतात. नियम पक्के, त्यामुळे उत्तर बरोबर असले की गुण कापायला जागा उरत नाही.

गुणांपलीकडे उपयोग काय?
युरोपातील शाळांत लॅटिन ज्या कारणासाठी टिकून आहे, तेच इथेही लागू पडते: शब्दांची कुळे कळतात. ‘समद्विभुज’ पाठ करावा लागत नाही. सम, द्वि, भुज असे तुकडे पाडले की व्याख्या हाती येते. ‘द्विदल’, ‘उभयचर’ यांचेही तसेच. ‘ट्रायअँगल’मधला लॅटिन ‘ट्राय’ आणि आपला ‘त्रि’ ही तर सख्खी भावंडे. सोलापूरला याचा आणखी एक फायदा आहे. मराठी आणि कानडी घरातले ‘पुस्तक’ तेलुगू घरात ‘पुस्तकम्’ होते. एकाच बाकावरच्या तीन मुलांना जोडणारा हा धागा वर्गात क्वचितच दाखवला जातो.

पूर्वी काय होते?
मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला मिळणारी जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मोठ्या मानाची होती. पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झालेले चिंतामणराव देशमुख यांनी १९१२ मध्ये ती मिळवली. संस्कृतची गोडी त्यांना जन्मभर पुरली. त्यांनी ‘मेघदूत’ मराठीत आणले.

मग अडते कुठे?
दहावीचा निकाल लागला की विषय सुटतो. पाठ केलेले उतरवून पैकीच्या पैकी मिळत असतील, तर न वाचलेल्या चार ओळी लावून पाहण्याची सवय लागणार कशी? उपाय अवघड नाही. अनोळखी सोप्या उताऱ्याला जास्त गुण द्यावेत आणि भाषा पुस्तकाबाहेर न्यावी. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा-सीना संगमावर हत्तरसंग कुडल येथे शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८चा शिलालेख आहे. मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. शाळेच्या सहलीला याहून चांगले ठिकाण कोणते?

सक्ती मात्र नको. हिंदी आवडणाऱ्या मुलाला टक्क्यांसाठी संस्कृतात ढकलणे दोन्ही भाषांवर अन्याय आहे. पालकांनी अर्ज भरताना ‘किती गुण पडतील?’ याआधी ‘तुला काय वाचायला आवडेल?’ एवढे मुलाला विचारले, तरी निवड बदलू शकते.