तांबड्याला आंधळी फिल्म

सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराचे फोटो काढायचे तर मी इलफर्डची ऑर्थो प्लस ही कृष्णधवल फिल्म आग्रहाने सुचवेन. तिला तांबडा रंग दिसतच नाही. दिवसाच्या उजेडात तिचा वेग 80, बल्बच्या पिवळट उजेडात निम्मा, म्हणजे 40. कारण त्या उजेडात तांबड्याचाच भरणा जास्त. ऊन कलल्यावर त्याचीही हीच गत होते, म्हणून संध्याकाळच्या सोनेरी उजेडाचा मोह सोडून सकाळी जरा ऊन वर आलं की जावं. भूमिज शिखरावर ओळीने चढत गेलेली छोटी छोटी शिखरं तेव्हा तिरप्या उन्हात कडेकडेने उठून दिसतात, आणि निळं आकाश या फिल्मवर जवळजवळ पांढरं येत असल्यामुळे त्यावर काळ्या बेसॉल्टची रेषा फार सुंदर उमटते! शेंदूर फासलेली मूर्ती मात्र काळी ठिक्कर येते, हे ध्यानात ठेवावं. सभामंडपात ट्रायपॉडला पर्याय नाही (पुरातत्त्व खात्याची परवानगी आधीच काढा). मीटर 10 सेकंद म्हणत असेल, तर प्रत्यक्षात जवळपास 18 द्यावे लागतात. मंद उजेड साठवताना फिल्मची संवेदनशीलता घटत जाते. तेवढ्यात ये-जा करणारी माणसं फोटोतून विरून जातात आणि खांबांवरचं कोरीवकाम स्वच्छ उरतं. आणखी एक सुख म्हणजे, ही फिल्म गडद लाल दिव्याखाली, डोळ्यांनी पाहत पाहत डेव्हलप करता येते. शिल्पांच्या सावल्यांत किती तपशील उतरला, ते तिथल्या तिथे कळतं.