पिलांचा सांभाळ आणि पंचायतीची तिजोरी

गगनबावड्यासारख्या अतिपावसाच्या तालुक्यात उघड्यावर जन्मलेल्या कुत्र्याच्या पिलांचे पावसाळ्यात काय होते, हे सांगावयास नको. अशी पिले उचलून घरी नेणारे, महिना-दोन महिने सांभाळून लस टोचणारे आणि त्यांना घर शोधून देणारे स्वयंसेवक 'हौशी' म्हणून हिणवले जातात. ही टवाळी अनाठायी आहे. पिसाळलेले कुत्रे चावते ते पायी शाळेत जाणाऱ्या पोराला, शेतमजुराला. मोटारीतून फिरणाऱ्याला नव्हे. आणि रेबीजची लक्षणे दिसू लागली की मरण जवळपास अटळच.

परंतु हिशेबही मांडला पाहिजे. मादी वर्षातून साधारण दोनदा विते, एका वेतात चार-सहा पिले. घर मिळते ते बहुधा नराला, मादी पिले रस्त्यावर राहतात (माणसाची जुनी आवड येथेही सुटत नाही!) आणि वर्षभरात तीही वितात. मादीचे निर्बीजीकरण झाल्यावाचून पिलांना घरे शोधणे म्हणजे नळ चालू ठेवून हौद उपसणे होय.

२०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी हे काम पंचायतींसह स्थानिक संस्थांवर सोपविले. शस्त्रक्रियागृह, पशुवैद्यक, पिंजरे हा खर्च डोंगरी ग्रामपंचायतीला कसा झेपावा? जबाबदारी खाली ढकलावयाची, पैसा वर ठेवावयाचा, ही सरकारची नेहमीची रीत. राज्याने निधी द्यावा, जिल्हा परिषदेने निर्बीजीकरणाचे फिरते पथक तालुक्यात पाठवावे. तसा ठराव कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेतच मांडावा.